आस्कोव्हच्या मास्तरांची पवनचक्की

वाऱ्यापासून वीज सर्वप्रथम कोणी तयार केली, असा प्रश्न विचारला तर उत्तरादाखल दोन नावे पुढे येतात. पहिले, स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ. त्यांनी १८८७ साली मेरीकर्क या आपल्या गावी पवनचक्की उभारून घरातले दिवे लावले. उरलेली वीज गावाच्या रस्त्यासाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली, असे सांगतात. दुसरे नाव अमेरिकेतील उद्योजक चार्ल्स ब्रश यांचे. १८८८ साली क्लीव्हलँड येथे त्यांनी आपल्या बंगल्यामागे तब्बल १४४ पात्यांचे अवाढव्य चक्र उभे केले आणि सुमारे वीस वर्षे चालवले.

दोन्ही प्रयोग यशस्वी होते, पण दोन्ही एका घरापुरते राहिले. त्यातून ना गावात दिवे लागले, ना कोणाला रोजगार मिळाला. तिसरा प्रयोग १८९१ साली डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेड्यात सुरू झाला. तो करणारा गृहस्थ प्राध्यापक नव्हता आणि धनिकही नव्हता. तो शिक्षक होता. डेन्मार्कमधील पवनऊर्जेच्या उद्योगाची वंशावळ त्याच्या शाळेपाशी जाऊन पोचते.

वेधशाळेतून खेड्यात

पाउल ला कूर यांचा जन्म १८४६ चा. हवामानशास्त्राचा अभ्यास करून ते डेन्मार्कच्या नव्या हवामान संस्थेत वरिष्ठ पदावर लागले. ध्वनिकाट्यांच्या कंपनांचा उपयोग करून एकाच तारेतून अनेक संदेश पाठवण्यावर त्यांनी संशोधन केले. राजधानीत अशी उत्तम कारकीर्द चालू असताना १८७८ साली त्यांनी ती सोडली आणि आस्कोव्हच्या लोकशाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले.

डेन्मार्कच्या या लोकशाळा म्हणजे शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी चालवलेली निवासी विद्यालये. तेथे परीक्षा नसत, पदवीही नसे. ला कूर आपले विषय इतिहासाच्या अंगाने शिकवीत. एखादा सिद्धांत तयार स्वरूपात फळ्यावर न मांडता, तो शोधणाऱ्यापुढे कोणते कोडे होते तेथून ते सुरुवात करीत. गणित आणि पदार्थविज्ञान यांवर त्यांनी याच पद्धतीने पुस्तकेही लिहिली.

त्यांना एक चिंता होती. वाफेची इंजिने शहरात, कारखाने शहरात, विजेचे दिवेही शहरात. मग खेड्यातला हुशार मुलगा खेड्यात कशासाठी राहील? डेन्मार्कमध्ये दगडी कोळसा नव्हता आणि मोठे धबधबेही नव्हते. वारा मात्र भरपूर होता. सरकारी मदत मिळवून १८९१ साली त्यांनी शाळेजवळ प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. १८९७ मध्ये त्याहून मोठी दुसरी चक्की आली.

तीन अडचणी, तीन उत्तरे

पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची. झुळूक आणि झोत यांमुळे डायनामोची गती सतत बदलणार. ला कूर यांनी चक्की व डायनामो यांना जोडणाऱ्या पट्ट्याचा ताण वजनाच्या साह्याने स्थिर राखणारी साधी युक्ती काढली. वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्टा नुसता घसरे, जादा ओढ डायनामोपर्यंत पोचत नसे. गावचा लोहारही हे यंत्र बनवू शकेल इतके ते सोपे होते.

दुसरी अडचण साठवणीची. वारा पडला तर दिवे कसे लागणार? विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू मिळतात, हा प्रयोग आपण शाळेत दाखवतोच. ला कूर यांनी तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि हे वायू टाक्यांत साठवले. १८९५ पासून सात वर्षे आस्कोव्हची शाळा हायड्रोजनच्या दिव्यांनी उजळत होती. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई. शाळेच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा बदलावी लागली! पुढे हा मार्ग सोडून त्यांनी संचायक विद्युतघटांचा, म्हणजे बॅटऱ्यांचा, अवलंब केला.

तिसरी अडचण पात्यांची. पाती जास्त तर शक्ती जास्त, अशी सर्वसाधारण समजूत होती. ला कूर यांनी बंद नळीतून पंख्याने हवा सोडून लहान प्रतिकृतींवर मोजमापे घेतली. वातबोगद्यातील हे जगातील अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी होत. निष्कर्ष असा निघाला, की वीजनिर्मितीसाठी थोडी पण वेगाने फिरणारी पाती अधिक उपयुक्त असतात. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या पंपाला जोर हवा असतो, म्हणून त्याच्या चक्कीला पुष्कळ पाती असतात व ती संथ फिरते. डायनामोला गती हवी असते. ब्रश यांच्या १४४ पात्यांच्या चक्रातील उणीव येथे स्पष्ट होते.

शोधाहून मोठी गोष्ट

इथवर आले तरी ला कूर हे ब्लाइथ आणि ब्रश यांच्या पंक्तीतले तिसरे संशोधक ठरले असते, एवढेच. फरक पडला तो पुढे. १९०३ साली त्यांनी खेड्यांत वीज नेण्यासाठी एक संस्था स्थापन केली आणि १९०४ पासून आस्कोव्हला ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू केले. शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले तेथे डायनामो जोडायला, तारा ओढायला, बॅटऱ्या सांभाळायला शिकली. ती परत गेली ती स्वतःच्या किंवा शेजारच्या गावी, वीजकेंद्र चालवण्यासाठी. चक्क्या बनवणारे कारखानेही निघाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये वाऱ्यावर चालणारी सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रे होती.

ला कूर हे पाहायला उरले नव्हते. १९०८ मध्येच त्यांचे निधन झाले. पुढे स्वस्त खनिज तेल आणि लांबवर वीज नेणारे जाळे यांच्यापुढे ही केंद्रे टिकली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंधन तुटले तेव्हा लोकांना पुन्हा चक्क्यांची आठवण झाली. शांतता येताच ती पुसट झाली.

पण १९०४ च्या त्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे एका वीज कंपनीत काम करू लागला. साठीच्या घरात पोचल्यावर त्याने मास्तरांचा विषय पुन्हा हाती घेतला. १९५७ साली गेड्सर येथे त्याने २०० किलोवॉट क्षमतेची, तीन पात्यांची चक्की उभारली. वादळात पाती अति वेगाने फिरू लागली तर त्यांची टोके आपोआप वळून वेग रोखीत. तिची वीज सरळ वीजजाळ्यात जाई. ही चक्की सुमारे दहा वर्षे चालली आणि १९६७ मध्ये बंद झाली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जग वाऱ्याकडे वळले. अमेरिका आणि जर्मनी यांनी मोठ्या कंपन्यांकडून प्रचंड यंत्रे करून घेतली. त्यांपैकी जर्मनीची तीन मेगावॉटची ग्रोवियान ही चक्की १९८३ मध्ये उभी राहिली, फार थोडे तास चालली आणि काही वर्षांतच मोडीत निघाली. डेन्मार्कमध्ये मात्र सुतार, लोहार आणि शिक्षक कामाला लागले. १९७८ साली ट्विंड येथील शाळांतील शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवकांनी दोन मेगावॉटची चक्की स्वतः बांधून काढली. त्याच वर्षी रिसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत चक्क्यांचे परीक्षण केंद्र सुरू झाले. तेथे मान्यता मिळालेली चक्की घेणाऱ्याला १९७९ पासून सरकार किमतीच्या ३० टक्के अनुदान देऊ लागले. कारागिराची चक्की आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप यांची गाठ अशी घातली गेली.

मग पश्चिम जटलंडमध्ये शेतीची अवजारे करणारी व्हेस्टास, शेतांना पाणी देण्याची साधने करणाऱ्या कारखान्यातून निघालेली बोनस आणि टँकर बनवणारी नॉर्डटँक, असे ग्रामीण भागातले कारखाने पवनचक्क्यांकडे वळले. एका छोट्या देशात हजारो लोकांना त्यातून काम मिळाले. एस्बियर्ग हे मासेमारीचे बंदर आता समुद्रातील पवनचक्क्यांच्या वाहतुकीचे केंद्र झाले आहे.

सावलीची बाजू

हे चित्र सरळ चढत्या रेषेचे नाही. कॅलिफोर्नियातील सवलती संपताच मागणी कोसळली आणि १९८६ मध्ये व्हेस्टासचे दिवाळे निघाले. नव्याने उभी राहिलेली ही कंपनी पुढे जगात अग्रेसर ठरली. २०१२ च्या सुमारास तिनेच हजारो कामगारांची कपात केली. कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत जातात, धोरणे बदलतात. म्हणजे शोध ज्या गावात लागला त्याच गावात रोजगार कायम राहील, याची हमी विज्ञान देत नाही. एकदा शिकलेले कौशल्य मात्र सहजासहजी नाहीसे होत नाही. चक्क्या दोनदा बंद पडल्या. आस्कोव्हच्या वर्गातले शिक्षण यूलमध्ये पन्नास वर्षे जिवंत राहिले.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर सहल नेणारे शिक्षक पुष्कळ आहेत. तेथल्या चक्क्यांना तीनच पाती का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. त्याचे उत्तर शोधताना गेड्सर आणि आस्कोव्ह दोन्ही भेटतील. पण आणखी एक प्रश्नही विचारावा. ही चक्की बिघडली तर दुरुस्तीला कोण येतो? तो कोठला, आणि हे काम तो कोठे शिकला? त्याचे गाव जर पठाराखालचेच निघाले, तर ला कूर मास्तरांची चिंता आपल्याकडे थोडी तरी मिटली असे समजावे. नाहीतर कोठे कमी पडलो ते आपण, शिकवणाऱ्यांनीच, शोधायला हवे.