बोटांनी पाहिलेली चित्रं

चित्रकलेच्या तासाला मी मुलांना बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल आवर्जून सांगतो. 1904 साली जन्मलेल्या या बंगाली चित्रकाराचा एक डोळा लहानपणापासून निकामी, दुसरा फार अधू. नेहमीची शाळा जमली नाही. शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोसांनी त्यांना घडवलं. तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर 1946-47मध्ये त्यांनी मध्ययुगीन संत रंगवले. ओला गिलावा सुकण्याआत रंग बसवायचा, चुकलं तर पुसता येत नाही. अशा अवघड कामाला त्या अधू डोळ्याने ते भिडले, याचं मला फार मोल वाटतं.

पन्नाशीनंतर डोळ्याच्या शस्त्रक्रियेत उरलेली दृष्टीही गेली. मग ते रंगीत कागद कापून चिकटवू लागले, घड्या घालून आकृत्या करू लागले, मेणातून माणसं घडवू लागले. 1972मध्ये शांतिनिकेतनातल्याच कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचं टाइल्सचं मोठं चित्र उभं राहिलं. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : दृष्टिहीन मुलाला चित्रकलेच्या तासाला नुसतं बसवून ठेवू नका. त्याच्या हाती कात्री, कागद आणि माती द्या.