तीन पाठांची रोजनिशी

रोजनिशी हा वाङ्मयप्रकार अभ्यासक्रमात येतो तो बहुधा आत्मचरित्राच्या शेपटाला बांधूनच. ‘उत्स्फूर्त’, ‘प्रामाणिक’, ‘खासगी’ अशी तीन विशेषणे विद्यार्थ्यांना उतरवून दिली जातात आणि नमुना म्हणून ॲन फ्रँकचे नाव सांगितले जाते. (पेशव्यांच्या रोजनिशीत मन नव्हे, कारभार नोंदला जाई, हे त्या ओघात कोणाला आठवत नाही.) पंचाईत अशी, की ॲनची रोजनिशी या विशेषणांत मावत नाही.

१२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, तिला वही मिळाली. २८ मार्च १९४४ ला लंडनहून नभोवाणीवर बोलताना डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी युद्धकाळातील पत्रे व रोजनिश्या युद्धानंतर जमवण्याची कल्पना मांडली. ते ऐकलेल्या ॲनने मे महिन्यात सुट्या कागदांवर सारे नव्याने लिहावयास घेतले. काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, पुस्तकाचे नावही ठरवले. ४ ऑगस्टला अटक झाली तेव्हा हे काम मार्च १९४४ च्या नोंदींपर्यंत आले होते. डिसेंबर १९४२ पासून पुढच्या वर्षभराची मूळ वही तर उपलब्धच नाही. म्हणजे त्या वर्षातली जी नोंद आपण ‘त्या दिवशीची’ म्हणून वाचतो, तिची शब्दयोजना १९४४ मधल्या, पुस्तकाचा विचार करू लागलेल्या लेखिकेची आहे. वडील ओटो फ्रँक यांनी दोन्ही पाठांतून तिसरा सिद्ध केला. तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे वर्गात सांगावे काय? सांगितलेच पाहिजे, पण अर्धवट नव्हे. ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनी ही रोजनिशीच बनावट ठरवण्याचा खटाटोप केला होता. १९८६ मध्ये डच युद्धदस्तऐवज संस्थेने तिन्ही पाठ शेजारी शेजारी छापले, तेही हस्ताक्षराच्या न्यायवैद्यक तपासणीच्या निष्कर्षांसह. तेव्हा ‘तिने पुन्हा लिहिले’ एवढेच सांगून तास संपवणारा शिक्षक विद्यार्थ्याला नकळत त्या नाकारणाऱ्यांच्या दारापाशी सोडून येतो. पुनर्लेखन म्हणजे बनवेगिरी नव्हे, हे व्याख्येने पटत नाही. पाठ समोर ठेवावे लागतात.

हाताशी एकच तास असेल तर लक्षणे बाजूला ठेवावीत आणि दोन्ही पाठांतली एकेक नोंद वाचावी. ती कोणाला उद्देशून आहे, एवढेच विचारावे. मूळ वहीत ॲन अनेक कल्पित मैत्रिणींना पत्रे लिहिते. सुट्या कागदांवर त्या साऱ्या मागे पडून एकटी किटी उरते.