चाकांवरून चारबाग

श्रोतेहो, आमच्या मांजरसुंब्याहून बीड, गेवराई, पाचोड असा रस्ता धरला म्हणजे आपण औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, पोहोंचतों. या रस्त्यानें मीं शाळेच्या कितीतरी सहली नेल्या. बीबी का मकबऱ्याच्या दारांत उभा राहून “पळूं नका, रांगेनें चला” असें ओरडणारा मास्तर तो मीच. गेल्या हिवाळ्यांत मात्र त्या दारांतून मी बसून आंत गेलों. गुडघ्यांनीं साथ सोडल्यामुळें मुलानें मला बॅटरीवर चालणारी लहानशी खुर्चीगाडी घेऊन दिली आहे. तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात.

दाराशीं मनांत संकोच होता. असल्या प्राचीन स्थळीं हें यंत्र शोभेल काय? परंतु या शंकेचें उत्तर इतिहासच देतो.

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ सालीं निवर्तली. तिच्या स्मरणार्थ हा मकबरा उभा राहिला. आवार सुमारें ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद. मधोमध इमारत आणि भोंवतीं पाट, कारंजीं व सरळ वाटा. चारबाग ही मुळांत पाण्याची रचना आहे. पाटांतून पाणी संथ वाहावयाचें, तर जमिनीचा उतार बेताचाच हवा. पाण्यासाठीं राखलेली ही सपाटी चाकांनाही मानवते.

शिवाय असल्या बागा केवळ पायीं फिरण्यासाठीं कधींच नव्हत्या. बादशहा व बेगमा पालखींतून हिंडत. १७०० सालीं सातारच्या मोहिमेनंतर माणनदीकांठीं खवासपुरास मोगलांची छावणी असतां मध्यरात्रीं पूर आला. त्या धांदलींत औरंगजेबाचा उजवा गुडघा निखळला. तो नीट बसला नाहीं आणि बादशहा जन्माचा लंगडा झाला. खुशमस्कऱ्यांनीं समजूत घातली कीं, हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! त्याच्याच काळचा फ्रान्सचा राजा चौदावा लुई उतारवयांत पाय दुखूं लागल्यावर व्हर्सायच्या बागेंत चाकांच्या खुर्चीतून फिरे. ती माणसें ढकलीत. मग फरक कोणता? त्यांचीं वाहनें दुसऱ्याच्या खांद्यांवर अगर हातांवर चालत, माझें विजेवर चालतें. त्यांचें तें वैभव होतें. आज २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें सार्वजनिक स्थळीं सुलभ प्रवेश हा सामान्य माणसाचा अधिकार मानला आहे.

मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशीं माझी गाडी थांबली. दोघे अनोळखी तरुण मला उचलून न्यावयास पुढें आले. मीं आभार मानून नको म्हटलें आणि नातवास एकट्यास वर धाडलें. त्याचा डबा व पाण्याची बाटली माझ्या मांडीवर राहिली.

तो डबा पाहतांच मला एक मुलगा आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वींच्या एका सहलींत तो होता. पोलिओनें त्याचा पाय अधू झाला होता. “तुला चालवणार नाहीं, तूं दाराशीं बसून सर्वांचे डबे सांभाळ,” असें मीं त्याला सांगितलें, आणि तें दयेनें सांगितलें असें मला वाटलें होतें. त्यानें डबे चोख सांभाळले. परत जातांना सर्व मुलें मकबऱ्याविषयीं बोलत होतीं. तो खिडकीबाहेर पाहत होता. दुसरे दिवशीं वर्गांत मीं चारबागेवर निबंध लिहावयास दिला. त्याची वही कोरी आली, आणि मीं त्याला शिक्षा केली.

श्रोतेहो, त्या बागेची सपाट वाट तेव्हांही तेथेंच होती. एखादी चाकांची खुर्ची आणि चार वर्गबंधूंचे हात एवढ्यावर काम भागलें असतें. अडचण बागेंत नव्हती, मास्तरांत होती.

आपल्या घरीं सहलीचा बेत ठरेल तेव्हां डबे कोण सांभाळणार, हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारा. आधीं सर्वांना आंत कसें नेतां येईल तें पाहा.