विवाहखर्च आणि ऋण : दीडशे वर्षांचा मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. मंदिरे, वसतिगृहे, दानशूर व्यक्ती यांचा इतिहास अधिकारी लेखकांनी याच अंकात मांडला असेल. मला मात्र अशा विषयाकडे वळावेसे वाटले की, ज्यावाचून आपल्या कोणत्याही घराचा इतिहास पुरा होत नाही आणि तरीही ज्याचा उल्लेख स्मरणिकांतून सहसा होत नाही. तो विषय म्हणजे लग्नासाठी काढलेले कर्ज.

आमच्या आजोबांची एक चोपडी माझ्याजवळ आहे. तिच्या एका पानावर आत्याच्या लग्नाचा खर्च मांडलेला आहे : मांडव, वाजंत्री, जेवणावळ, वरपक्षाचा मानपान, आहेर, सोने. त्या खर्चासाठी उचललेल्या रकमेची फेड पुढील अकरा पानांवर पसरलेली आहे. लग्न चार दिवसांचे होते.

ही कहाणी एका घराची नाही. दिनांक 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. कागद हाती येताच त्यांची होळी झाली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. पण मारहाण वा प्राणहानी यांपेक्षा कागद जाळण्यावरच सर्वत्र भर राहिला. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखली जाते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि शेतकरी एवढा कर्जबाजारी का झाला, हा प्रश्न प्रथमच विस्ताराने तपासला गेला.

त्या काळी या प्रश्नाचे एक तयार उत्तर सुशिक्षितांच्या तोंडी असे : कुणबी लग्नकार्यात उधळपट्टी करतो, म्हणून बुडतो. आयोगाने ते स्वीकारले नाही. त्याचे मत थोडक्यात असे होते की, ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा दिसतो हे खरे. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि कित्येक वर्षांची सरासरी धरली तर तो अवाजवी ठरत नाही. ऋणाचा खरा भार पोटापुरते धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार उचललेल्या लहान रकमांचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, कापसाला आलेली तेजी ओसरली होती आणि त्याच सुमारास अनेक तालुक्यांत साऱ्याची नवी आकारणी वाढीव दराने झाली होती.

महात्मा जोतीराव फुले यांनीही 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, शेतकरी लग्नातील खर्चाने बुडतो हा आरोप खोडून काढला आहे. माझ्या मते आयोगाची मीमांसा आणि जोतीरावांचे म्हणणे दोन्ही बरोबर आहेत. मग लग्नाच्या कर्जाची एवढी धास्ती का?

त्याचे उत्तर रकमेत नसून तिथीत आहे. बियाण्यासाठी काढलेले कर्ज पीक आले की काही अंशी तरी फिटते. लग्नाचे कर्ज एकरकमी आणि रोखीचे असते, ठरलेल्या मुहूर्तापूर्वी ते मिळवावे लागते आणि त्यातून पुढे काही उगवत नाही. मुहूर्त जवळ आलेला बाप व्याजाच्या दराविषयी घासाघीस करू शकत नाही, हे सावकारासही ठाऊक असते. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. पण परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. उदाहरणादाखल, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेल्या 100 रुपयांचा रोखा तीन वर्षांनी 172 रुपयांचा होतो, सहा वर्षांनी सुमारे 296 रुपयांचा आणि नऊ वर्षांनी सुमारे 509 रुपयांचा. पाचशे रुपयांचे लग्न त्या बापाने कधीच केलेले नसते. 1879 च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली आणि शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले, ते हा अनुभव ध्यानी घेऊनच.

येथे आपल्या समाजाने एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. दख्खनमधील सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा मोठा भरणा होता आणि त्यांत जैनही होते. दुसरीकडे सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील जैन समाज प्रामुख्याने शेती करणारा. दंगे त्या भागात झाले नाहीत, पण लग्नासाठी रोखा लिहून देण्याची रीत तेथेही निराळी नव्हती. म्हणजे वहीच्या जमा आणि नावे या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती. आजोबांच्या चोपडीतील धनकोही आपल्याच समाजाचा होता, एवढे येथे नमूद करतो.

खर्च कमी करावा असे प्रत्येक बापास वाटते. अडचण असते ती पहिले पाऊल कोणी उचलावे याची. एकट्याने साधे लग्न केले तर 'ऐपत नव्हती' असा शिक्का बसतो आणि धाकट्या मुलींची स्थळे अडतात. म्हणून या बाबतीत जे थोडेफार यश मिळाले, ते एकट्यादुकट्याच्या निर्धाराला नव्हे, तर अनेकांनी मिळून घातलेल्या मर्यादेला. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. पुरोहित नाही, दक्षिणा नाही. खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. नातेवाईक आणि भटभिक्षुक यांचा विरोध होता, पण वधूवरांच्या पाठीशी एक संघटना उभी होती. उधळपट्टीचा आरोप खोडून काढणारे जोतीराव आणि कमी खर्चाच्या लग्नाची वाट मोकळी करणारे जोतीराव यांत मला विसंगती दिसत नाही. दोष शेतकऱ्याच्या स्वभावात नाही असे जो मानतो, तोच रीत बदलण्याचा खटाटोप करतो.

आपल्याकडे हे काम दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने हाती घेतले. 3 एप्रिल 1899 रोजी स्तवनिधी येथे ती स्थापन झाली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले तेही 1899 सालीच. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्यास देऊ पाहणारा बाप त्या नाटकाने महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे उभा केला. कोठे वधूपित्याने पैसा घ्यावा, तर कोठे हुंडा म्हणून द्यावा, एवढाच काय तो फरक. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी शिक्षणप्रसार आणि अनिष्ट रूढींचे निर्मूलन ही दोन्ही कामे एकत्र पाहिली. लग्नात जाणारा पैसा वसतिगृहांकडे वळला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. लग्नातल्या सोन्याचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

कायद्याने काय साधले, याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. 1961 मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंडा 'भेटवस्तू' या नावाने चालू राहिला. 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि 14 कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. त्यामुळे असंख्य सोनार बेकार झाले, मात्र वधूपित्याच्या डोक्यावरील सोन्याचे ओझे काही उतरले नाही.

त्या मानाने सामूहिक विवाहाची चळवळ अधिक रुजली. 1985 मध्ये शांतीलाल मुथ्था यांनी पुण्यात भारतीय जैन संघटनेची स्थापना केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या कामांत सामूहिक विवाहांचे स्थान मोठे होते. एकाच मांडवात श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाची मुलगी उभी राहिली, तर 'ऐपत नव्हती' हा शिक्का कोणावर मारणार? जेथे केवळ गरिबांचीच लग्ने एकत्र लावली गेली, तेथे मात्र तो शिक्का अधिकच ठळक झाला, आणि पुढे अनेक ठिकाणी उपक्रम मंदावला तो याच कारणाने, असे माझे निरीक्षण आहे. परिग्रहपरिमाण हे अणुव्रत आपण प्रत्येकाने स्वतःपुरते घ्यावयाचे म्हणून शिकवितो. मांडवाच्या दारात ते एकट्याला पेलत नाही.

याचा पडताळा नुकताच, नको त्या मार्गाने, आला. 2020 मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये ती पंचवीसवर आली. समारंभ दोन तासांत उरकावयाचा आणि नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. दुःखाचे दिवस होते, त्यांचे कौतुक करण्याचा हेतू नाही. परंतु त्या काळात घरच्या दिवाणखान्यात झालेली लग्ने आजही सुखाने नांदत आहेत, आणि ती साधेपणाने झाली म्हणून कोणी बोल लावल्याचे ऐकिवात नाही. कारण मर्यादा सर्वांना सारखी होती. निर्बंध उठले आणि मंगल कार्यालयांच्या तारखा पुन्हा मिळेनाशा झाल्या. आता रोख्याच्या जागी बँकांचे वैयक्तिक कर्ज आले आहे आणि लग्न हे त्यासाठी मान्य कारण आहे.

आजोबांच्या चोपडीत त्या अकराव्या पानाच्या तळाशी 'बेबाक' असा एकच शब्द आहे. खाली मिती आहे. तिच्यावरून हिशेब केला असता असे दिसते की, तोवर आत्याची थोरली मुलगी चौथीच्या वर्गात गेली होती.