आधीचा आवाज

बुऱ्हाणपूरच्या वाट्याला इतिहासात एक विचित्र मान आला आहे. इथलं बरंच काही दुसऱ्याच कुठल्यातरी गावातल्या गोष्टीचा पहिला खर्डा म्हणून ओळखलं जातं. मुमताज महलचा जून १६३१ मध्ये इथे मृत्यू झाला, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला दफन केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. आहुखान्याची ओळख मात्र ‘ताजच्या आधीची जागा’ अशीच राहिली. अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची उतावली नदीकाठची काळ्या दगडातली कबर ‘काळा ताज’ म्हणून दाखवली जाते. शेख बहाउद्दीन बाजन हे सूफी १५०६ मध्ये वारले. रागांत बांधलेल्या, गाण्यासाठीच रचलेल्या त्यांच्या हिंदवी जिकऱ्यांना उर्दूच्या इतिहासात ‘आरंभीचे नमुने’ म्हणून दोन ओळी मिळतात. प्रत्येक वाक्य बुऱ्हाणपुरात सुरू होतं आणि आग्र्याला, दिल्लीला नाहीतर लखनौला संपतं. शाहनवाज खान १६१९ मध्ये वारला, ताजचं काम १६३२ च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे उतावलीकाठी दगड रचणाऱ्यांना ताज माहीतच नव्हता. ते कशाचीही तयारी करत नव्हते, एक पुरी कबर बांधत होते. तिच्या घडणीचं मूळ शोधायचं तर मागे, हुमायूनच्या दिल्लीतल्या कबरीकडे जावं लागतं. पुढचं ठाऊक असलेला माणूस मागचं बघतो तेव्हा त्याच्या नजरेला वाक पडतो, आणि हा वाक बुऱ्हाणपूरइतका क्वचितच दुसऱ्या गावानं सोसला असेल.

म्हणूनच याच भागातल्या एका आवाजाबद्दल, त्याच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या श्रोत्यांबद्दल बुऱ्हाणपुरातून विचार करणं योग्य वाटतं. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ रोजी. त्याआधी तो खंडवा जिल्ह्याचाच, म्हणजे पूर्व निमाडचा भाग होता. ४ ऑगस्ट १९२९ रोजी खंडव्यात आभासकुमार गांगुली जन्मला तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी होती नागपूर. खंडव्याहून मुंबईला जाणारी गाडी बुऱ्हाणपूर आणि भुसावळ ओलांडूनच पुढे जाते. आभासकुमारचा किशोरकुमार झाला तो याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला. खंडव्यातल्या त्याच्या समाधीवर चाहते आजही दूध-जलेबी ठेवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर ‘आराधना’नंतरची, म्हणजे १९६९ नंतरची गाणी असतात. पण एक लहान वर्ग असा आहे की ज्याला १९४८ ते १९५१ च्या तबकड्यांवरचा किशोर अधिक जवळचा वाटतो. त्यांच्या आवडीला हळवेपणा, भक्ती किंवा संग्राहकाचा हट्ट म्हणून बाजूला सारलं जातं. ही आवड म्हणजे ऐकण्याची एक शिस्त आहे आणि संगीत एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा तो एक खरा रस्ता आहे, असं माझं म्हणणं आहे.

पाश्चात्त्य संगीतात अशा श्रोत्यांसाठी ‘डेमो’ नावाची वेगळी वस्तूच असते. १९७९ मध्ये टीॲक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र आलं आणि घरात बसून गाण्याचा कच्चा आराखडा मुद्रित करणं सोपं झालं. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ मध्ये अशाच घरगुती कॅसेटवरची गाणी ‘नेब्रास्का’ म्हणून जशीच्या तशी बाजारात आणली. त्याच सुमारास डिपेश मोड हा सिंथेसायझरवाला वाद्यवृंद सोडलेला व्हिन्स क्लार्क स्वतः केलेल्या डेमोच्या बळावर नव्या गायिकेबरोबर उभा राहिला. असे कच्चे मसुदे जमवणारे रसिक तिकडे पुष्कळ आहेत. आपल्याकडे १९४८ मध्ये हे शक्यच नव्हतं. सिनेमाचं गाणं तेव्हा फिल्मवर प्रकाशाच्या रेघांनी उमटायचं. गायक आणि सगळा वाद्यमेळ एकत्र उभा असायचा, एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नापसंत टेक जपून ठेवण्याचं कुणाला कारण नव्हतं. नंतर ते गाणं दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर, जेमतेम सव्वातीन मिनिटांत बसवलं जायचं. चुंबकीय फीत आपल्या स्टुडिओंत रुळली ती पन्नाशीच्या दशकात. त्यामुळे त्या पिढीच्या गायकाचा खर्डा ऐकायचा असेल तर पहिली प्रकाशित तबकडी हाच त्याचा खर्डा. तो विकला गेला, वाजला, झिजला. बाजारात उतरलेला खर्डा हे आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचं वैशिष्ट्य आहे, आणि आपल्या श्रोत्याला कच्चेपणा ऐकायचा तर तो पक्क्या मालातच शोधावा लागतो.

आता १९४८ चा ‘जिद्दी’ घेऊ. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, नायक देव आनंद, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. किशोर त्याआधी बॉम्बे टॉकीजच्या समूहगायकांत उभा राहिलेला. त्याला इथे मोईन अहसन जज्बींची गझल एकट्यानं गायला मिळाली. प्रचलित गोष्ट अशी सांगते की या गाण्यात किशोर नाही, सैगलची नक्कल आहे, पुढे सचिनदेव बर्मन यांनी कान धरला आणि मग खरा किशोर जन्मला. गोष्ट नीटस आहे, पण पुरावा तिला पुरता साथ देत नाही. सैगल जानेवारी १९४७ मध्ये गेला. खेमचंद प्रकाश यांनी त्याच्याकडून ‘तानसेन’ (१९४३) आणि ‘भँवरा’ (१९४४) गाऊन घेतलं होतं. त्या आवाजासाठी चाल कशी रचायची हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं आणि तो गळा नाहीसा झाल्यावर ती घडण कुणातरी तरुणाच्या गळ्यात उतरणार होती. मुकेशनं ‘पहली नजर’मध्ये १९४५ सालीच त्या वळणाचं गाणं गायलं होतं. म्हणजे ज्याला आपण नक्कल म्हणतो तो निम्मा धंद्याचा साचा आणि निम्मी उमेदवारी. आणि गझल कान देऊन ऐकली तर साचा कुठे सैल बसला आहे तेही कळतं. खालच्या सुरांवर तो सैगलसारखा जड होऊ पाहतो, पण स्वर वर चढताना आवाजातलं कोवळेपण उघडं पडतं. त्या एकोणीस वर्षांच्या, घोटलेलं सगळं अजून अंगी न लागलेल्या आवाजासाठीच रसिक ही तबकडी पुन्हा लावतात. दुसरा पुरावा कालक्रमाचा. १९५० च्या ‘मुकद्दर’मध्ये तो आशा भोसले यांच्याबरोबर महिन्यांची नावं घेत बागडणारं एक द्वंद्वगीत गातो. सैगलची सावली आणि खट्याळपणा एकाच काळात, एकाच गळ्यात नांदत होते. आधी नक्कल आणि मग साक्षात्कार असे दोन टप्पे मुळात नव्हतेच. उलट ती गंभीर सावली ‘फंटूश’ (१९५६) आणि ‘दूर गगन की छाँव में’ (१९६४) पर्यंत, आणि पुढेही, त्याच्या दुःखी गाण्यांत टिकून राहिली. हे कळण्यासाठी चरित्र पुरत नाही, तबकड्या ओळीनं ऐकाव्या लागतात.

‘जिद्दी’च्याच वर्षी, १९४८ च्या जानेवारीअखेर, कुमार गंधर्व आजारी अवस्थेत देवासला राहायला आले. बालवयात तेही ऐकलेल्या तबकड्या हुबेहूब गाऊन थक्क करणारे म्हणूनच गाजले होते. नकलेची चेष्टा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की आपल्या संगीतात शिकण्याचं दुसरं नाव बराच काळ हेच होतं, आणि ग्रामोफोन आल्यावर गुरूची जागा अंशतः तबकडीनं घेतली.

या युक्तिवादाचा सगळ्यात बळकट पुरावा मात्र गांगुलींच्या घरातच आहे. मोठा भाऊ अशोककुमार खंडव्यातच वाढला. तो बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करत होता. १९३६ च्या ‘जीवन नैया’च्या ठरलेल्या नायकाची जागा रिकामी झाली आणि याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं. पार्श्वगायनाची पद्धत रुजली नव्हती, नटानंच गायचं असे. सरस्वतीदेवींनी, म्हणजे मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी यांनी, बांधलेलं एकाकीपणाचं गाणं या न शिकलेल्या गळ्यातून मुद्रित झालं. आवाज लहान, श्वास उथळ, सूर सावध. गायनकलेच्या कोणत्याही तराजूत ते मुद्रण फार भरणार नाही. तेव्हा किशोर सहा-सात वर्षांचा होता. बरोबर पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, ‘झुमरू’चा संगीतकार स्वतः असताना त्यानं तेच गाणं पुन्हा उभं केलं आणि स्वतः गायलं. आज ते लोकांना माहीत आहे ते किशोरचं म्हणून. थोरल्या भावाच्या कच्च्या मुद्रणात त्याला काहीतरी ऐकू आलं होतं, जे कसलेल्या गळ्यानं गायलं असतं तर कदाचित झाकलं गेलं असतं. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली की किशोरनं काय उचललं ते स्पष्ट होतं. अशोककुमारचा संकोच, शब्द टाकताना होणारी थोडी माघार, हेच त्यानं जपलं. मग आवाजाला खोली दिली. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांवर प्रेम करणारा हा श्रोता स्वतः किशोरकुमार होता. त्या प्रेमाला कुणी भाबडं म्हणणार असेल तर ‘झुमरू’मधलं ते गाणंही भाबडेपणातून आलं असं म्हणावं लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पुढे नाव झालं म्हणून हे सगळं. किशोर १९५५ मध्ये खंडव्याला परत येऊन काही व्यवसाय करू लागला असता तर ‘जिद्दी’च्या गझलेकडे कुणी वळून पाहिलं नसतं. हे मला मान्य आहे, आणि त्यात एक दुःखही आहे. त्याच वर्षांत गायलेले कितीतरी आवाज केवळ पुढे नाव झालं नाही म्हणून कुणी शोधत नाही. पण कीर्ती माणसाला दारापर्यंत आणते, आत गेल्यावर ऐकावं ज्याचं त्यालाच लागतं. शिवाय किशोरसाठी तबकडी जपणारा माणूस नकळत आणखी बरंच वाचवतो. त्याच खाचांत खेमचंद प्रकाश यांचा वाद्यमेळ असतो, जज्बींची गझल असते, उलट्या बाजूला भलतंच एखादं विसरलेलं गाणं असतं. खेमचंद प्रकाश लवकरच वारले. त्यांच्याच ‘महल’च्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, लताचं नाही. अशा धंद्यात कुणी काय गायलं याची नोंद कंपनीच्या कागदांपेक्षा संग्राहकांच्या कपाटांनी जास्त राखली. मुंबईत १९९० मध्ये भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे कोश सिद्ध केले. ही कामं विद्यापीठांनी करायची होती, ती चाहत्यांनी केली.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. कलावंतानं मागे टाकलेलं उकरण्याचा हक्क आपल्याला आहे का? मराठी वाचकाला याचं उदाहरण लांब शोधायला नको. लतानं १९४२ मध्ये वसंत जोगळेकरांच्या ‘किती हसाल’साठी सदाशिवराव नेवरेकर यांच्या संगीतात गायलेलं गाणं मा. दीनानाथांना मुलीनं सिनेमात गाणं रुचत नसल्यानं चित्रपटातून काढलं गेलं. म्हणून तिचं पहिलं प्रकाशित गाणं ‘पहिली मंगळागौर’मधलं ठरलं. वगळलेलं ते गाणं ऐकायला मिळावं अशी इच्छा कुणाला होणार नाही? तरीही मी इथे रेघ ओढेन. जे विकण्यासाठी बाजारात आलं ते सगळ्यांचं झालं, पुढे कलावंताला ते नकोसं वाटलं तरी. जे प्रकाशितच झालं नाही त्यावर पहिला अधिकार त्याचा आणि त्याच्या माणसांचा. पाश्चात्त्य डेमो या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि तिथे कुटुंबाची संमती आणि ‘हा खर्डा आहे’ असं ठळक लिहिणं या दोन अटी मला पुरेशा वाटतात. ‘जिद्दी’, ‘मुकद्दर’, ‘जीवन नैया’ या वादात येतच नाहीत. ते सगळे रीतसर पैसे घेऊन विकलेले खर्डे आहेत.

राहतो प्रश्न ते कसे ऐकायचे याचा. संगणकावर आज खरखर पुसून, आवाज उजळून ही गाणी ऐकवली जातात. तसं करताना सुईखालच्या लाखेच्या आवाजाबरोबर श्वासाची कडही पुसली जाते, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा चाळिशीतल्या किशोरसारखा गुळगुळीत होतो. जुन्या रसिकांचा खरखरीचा आग्रह मला यासाठी पटतो. त्यांना पुढचा किशोर माहीत आहे, पण ऐकताना ते त्याला थोडा वेळ बाहेर उभं करतात. उतावलीकाठच्या कबरीपुढेही तसं उभं राहता येतं. तिथली जाळी, कमानी, घुमटाची चढण पाहायची आणि आग्र्याचा विचार परतीच्या गाडीसाठी ठेवायचा. ही गाडी खंडव्याकडे निघाली तर थोड्याच वेळात त्या गावात पोचते जिथल्या सहा-सात वर्षांच्या एका पोराचा थोरला भाऊ, गाणं न शिकलेला, पडद्यावर गाऊ लागला होता.