परभणीचा संघ कोणता? #थ्रेड

१/४
नव्या हंगामापूर्वी लिलाव होतो, संघ बांधले जातात. परभणीच्या खेळाडूपुढे मात्र जुना प्रश्न उभा राहतो: आपला संघ कोणता?

२/४
१९३७-३८ मध्ये हैदराबादने रणजी करंडक जिंकला, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. १९३९-४० व १९४०-४१ मध्ये दि. ब. देवधरांचा महाराष्ट्र संघ विजेता ठरला. भाषा एकच; सरहद्द मात्र आड होती.

३/४
१९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला.

४/४
२०२३ मध्ये गहुंज्यात महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. त्या हंगामात सहा संघांपैकी मराठवाड्याचा एकच होता: छत्रपती संभाजी किंग्ज. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर त्याचा आयकॉन खेळाडू होता. परभणीचे नाव कोणत्याही जर्सीवर नाही. पण लिलावाची वाट आता हैदराबादेतून नव्हे, पुण्यातून जाते.