कुणाचं काय कशाला बसतं

हिरोच्या इम्पल्स या मोटरसायकलच्या सांगाड्यात कॅरिझ्मा या दुसऱ्या मोटरसायकलचं इंजिन बसवायचा उद्योग आपल्याकडच्या गॅरेजांत इम्पल्स बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत सुरू झाला. हिरोने तो कुणाला सुचवला नव्हता, कुठल्या पुस्तकात त्याची कृती नव्हती. तरी पुण्यापासून बंगळुरूपर्यंत आणि दिल्लीपासून गुवाहाटीपर्यंत वेगवेगळ्या मिस्त्रींनी तो आपापल्या लेथवर सोडवला. बाहेरून बघणाऱ्याला हा जुगाड वाटतो. मला तो तसा वाटत नाही. सांगाडा आणि इंजिन ही होंडाच्या एकाच घराण्यातल्या दोन फांद्यांची लेकरं आहेत. कंपन्यांनी ती वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या कामांना वाढवली, आणि आपल्या फिटर लोकांनी ती पुन्हा एकत्र आणली.

आधी इंजिनाचं कूळ बघू. १९६८ साली यामाहाने अमेरिकेत डीटी-१ आणली. २५० सीसीची टू-स्ट्रोक, हलकी, आठवडाभर ऑफिसला नेता येईल आणि रविवारी रानात घालता येईल अशी. डांबर आणि माती दोन्हीसाठी एकच गाडी, ही कल्पना तिथून घराघरांत गेली. सोइचिरो होंडांचा टू-स्ट्रोकवर फारसा जीव नव्हता. त्यांच्या कंपनीचं उत्तर १९७२च्या एक्सएल२५० या फोर-स्ट्रोक गाडीतून आलं. एकच सिलिंडर, त्याला चार व्हॉल्व्ह. धूर नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, खालच्या आरपीएमला इंजिन गपगुमान ओढत राहतं. लांबच्या वाटेवर हे गुण फार मोलाचे असतात. एक्सएलमागून निव्वळ रानासाठी एक्सआर मालिका आली, आणि १९८० साली त्या मालिकेत एक्सआर२००. बोअर ६५.५ मि.मी., स्ट्रोक ५७.८ मि.मी. ताकद बेताची, पण हे इंजिन मार खाऊनही चालत राहायचं. हिची पुढची आवृत्ती एक्सआर२००आर अमेरिकेत २००२पर्यंत विकली गेली. पुढच्याच वर्षी होंडाने तिच्या जागी सीआरएफ२३०एफ आणली. बोअर तोच ६५.५ ठेवला, स्ट्रोक ६६.२वर नेला. गुणाकार केला की २२३ सीसी होतात.

त्याच २००३ साली भारतात हिरो होंडाने कॅरिझ्मा काढली. तिचाही बोअर ६५.५ आणि स्ट्रोक ६६.२. रानगाडीचं इंजिन सहाऐवजी पाच गिअर घेऊन, अंगावर फेअरिंग चढवून, हृतिक रोशनच्या जाहिरातीतून आपल्या हायवेवर उतरलं. आपण तिला वेगाची गाडी म्हणून घेतलं आणि लडाखपर्यंत नेलं. सतरा बीएचपी ताकद, अठरा न्यूटनमीटरच्या वर टॉर्क. आज हे आकडे किरकोळ दिसतात. पण भर उन्हात दिवसभर ऐंशी-नव्वदच्या वेगाने चालवूनही संध्याकाळी इंजिनाचा आवाज सकाळसारखाच, ही त्या इंजिनाची खरी कमाई होती, आणि तिचं मूळ मातीतल्या पूर्वजांत आहे.

सांगाड्याचं कूळ जास्त भटकं आहे. १९६२ साली होंडाला अमेरिकेत आपल्या सीएल७२ स्क्रॅम्बलरचा कणखरपणा सिद्ध करायचा होता. डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन (धाकटे) हे दोघे मेक्सिकोतल्या तिहुआनाहून निघाले आणि बाहा द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाजवळच्या ला पाझला पोचले. सुमारे साडेनऊशे मैल, त्यातली बहुतेक वाट दगडमातीची. चाळीस तासांच्या आत. वेळेचा पुरावा म्हणून त्यांनी दोन्ही टोकांवरून तारा पाठवल्या होत्या. या प्रवासातून पुढे बाहाच्या शर्यतींची परंपरा उभी राहिली. १९७८च्या डिसेंबरअखेरीस थिएरी साबिनची पहिली पॅरिस-डकार शर्यत सुरू झाली आणि सिरिल नव्हो यामाहा एक्सटी५०० घेऊन ती जिंकला. तेव्हापासून मोठी टाकी, उंच हँडल, लांब शॉकअप हा साहसी गाडीचा चेहरा ठरला. शर्यतीतल्या गाड्यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला जास्त मोलाची वाटते ती ब्राझीलची शाखा.

ब्राझीलमध्ये होंडाने १९७६ साली अ‍ॅमेझॉनच्या काठच्या मनाउस शहरात कारखाना काढला. तिथे करसवलती होत्या, म्हणून जंगलाच्या मधोमध मोटरसायकली बनू लागल्या. सीआरएफ२३०एफसुद्धा इथलीच. त्या देशात शहर सोडलं की तांबडी माती लागते, आणि त्या मातीवर शेतकऱ्याला, पोस्टमनला, शाळामास्तराला रोज जायचं असतं. २००३च्या सुमारास होंडाने त्यांच्यासाठी एनएक्सआर ब्रॉस काढली. हौशीसाठी तिची घडण झालेली नव्हती. चाकं तारांची, शॉकअप लांब, इंजिन १५० सीसीचं आणि कुणालाही उघडता येईल असं. साहसी गाडीच्या इतिहासात डकारच्या विजेत्यांची नावं येतात, ब्रॉसचं येत नाही. हा मोठा अन्याय आहे असं मी म्हणेन. खराब रस्त्यावरची गाडी कशी असावी हे दूध घालायला निघालेल्या माणसाइतकं कुणालाच कळत नाही.

मग २०१० सालच्या डिसेंबरात हिरो आणि होंडा यांचं वेगळं व्हायचं ठरलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी लंडनमध्ये हिरो मोटोकॉर्प हे नवं नाव जाहीर झालं आणि त्याच सोहळ्यात इम्पल्स पहिल्यांदा दिसली. घटस्फोटाच्या कागदांत होंडाचं तंत्रज्ञान काही वर्षं वापरायची मुभा होती. इम्पल्स म्हणजे जवळजवळ ब्रॉसच. १९ इंची पुढचं चाक, १७ इंची मागचं, पुढच्या शॉकअपचा प्रवास १८० मि.मी., जमिनीपासूनची उंची २४५ मि.मी., वजन १३४ किलो. इंजिन १४९.२ सीसी, १३ बीएचपीच्या आसपास, हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीमच्याच जातीचं. मनाउसची शेतगाडी भारतात तरुणांची साहसी गाडी म्हणून आली. स्वस्त आणि पक्क्या ड्युअल-स्पोर्टची वाट बघणाऱ्या भारतीयांना ती पहिल्यांदा हाताला लागली.

ब्राझीलच्या गावाला तेरा घोडे पुरतात. दोन पॅनियर, तंबू आणि मागे बसलेला जोडीदार घेऊन खंबाटकी घाट चढायचा तर ते अपुरे पडतात. वाट मातीची असेपर्यंत इम्पल्स सुरेख चालायची. हायवेला लागली की मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न सुरू. सांगाडा मोठ्या कामाचा, इंजिन लहान कामाचं, हे चालवणाऱ्याला पहिल्याच लांब सहलीत कळायचं. दुसरीकडे जुन्या कॅरिझ्मा सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळत होत्या. फेअरिंग फुटलेली, टाकीला पोचे, पण इंजिन ठणठणीत. कुणीतरी दोन्ही शेजारी उभ्या करून टेप लावली असणार.

काम ऐकायला सोपं आहे. कॅरिझ्माचा स्ट्रोक ८.४ मि.मी. जास्त, म्हणून सिलिंडर उंच. माउंटिंगची भोकं जुळत नाहीत. चांगला मिस्त्री आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतो, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवतो आणि पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या रेषेत आहे का हे दोरी धरून बघतो. ती रेष चुकली तर चेन दर काही हजार किलोमीटरला बदलायची पाळी येते, आणि लोक चेनच्या कंपनीला शिव्या घालतात. रेष जमली की पट्ट्या आधी नुसत्या टाचून घ्यायच्या, इंजिन पुन्हा बसवून बोल्ट हाताने फिरतात का ते पाहायचं, मगच पूर्ण वेल्डिंग. बेंड पाइप नव्याने वळवायचा. कार्ब्युरेटरचं तोंड एअर फिल्टरच्या डब्याकडे नीट वळलं नाही तर हवा कडेने चोरून आत येते, तिच्याबरोबर धूळ येते, आणि एका उन्हाळ्यात रिंगा संपतात. वायरिंगला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. सीडीआय, कॉइल, रेग्युलेटर हे सगळं इंजिनाबरोबर कॅरिझ्माचंच घ्यावं. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलं की गाडी बरोब्बर पावसात बंद पडते.

एक गोष्ट इथे आग्रहाने सांगतो. टॉर्क तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो, तशी ब्रेकवरची जबाबदारीही वाढते. मागचा ड्रम आणि पुढची छोटी डिस्क तेरा घोड्यांसाठी दिलेली आहे. इंजिनावर खर्च करून जुने, झिजलेले ब्रेकशू तसेच ठेवणाऱ्याला कुठल्याही मिस्त्रीने गाडी हातात देऊ नये. निदान पुढची स्टीलजाळीची नळी, नवे पॅड आणि ताजं ब्रेकऑइल इतकं तरी आधी करावं. शॉकअपमध्ये जरा जाड ऑइल आणि स्प्रिंगवर थोडा वॉशरचा भर घातला की वाढलेलं वजन पुढच्या टोकाला सोसतं.

कंपन्यांनाही मागणी दिसत होती. २०१६ साली रॉयल एन्फील्डची ४११ सीसीची हिमालयन आली, २०१९च्या मे महिन्यात हिरोची एक्सपल्स २००. पुढे हिरोने एक्सपल्सला रॅली किटही दिलं, २५० मि.मी. प्रवासाचे शॉकअप त्यात येतात. गॅरेजवाले इम्पल्समध्ये जे शोधत होते त्यातलं बरंच तिच्यात कारखान्यातूनच आलं. उत्तम गाडी आहे. पण इम्पल्सवाल्यांनी इम्पल्स सोडली नाही, कारण त्यांनी ती स्वतः घडवलेली होती.

कायद्याचं काय? मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. १४९च्या जागी २२३ सीसीचं इंजिन म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबरही चुकीचा आणि सीसीही चुकीची. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि जखमी झालेल्याची भरपाई अडकू शकते. म्हणून अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर बिनदिक्कत चालवा असं मी सांगणार नाही. पण याच कलमात मंजूर किट लावून गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर करायला वाट ठेवलेली आहे. एका मंजूर इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं दुसरं मंजूर इंजिन, तपासणी करून, ब्रेक वाढवून बसवायची वाटही हवी. आज ती नसल्यामुळे चांगलं काम लपून होतं आणि वाईट कामावर नजर राहत नाही.

ज्यांच्या इम्पल्स मूळ इंजिनावरच आहेत त्यांचं बरं चाललं आहे, कारण हंक, एक्स्ट्रीम, अचीव्हर यांच्या इंजिनांतल्या झिजणाऱ्या बहुतेक वस्तू त्याच घराण्यातल्या. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना दुकानदार गाडीचं नाव ऐकून नाही म्हणत नाही, कशाचं काय बसेल ते सांगतो. पुढचं चाक १९ इंची असल्यामुळे जुन्या बुलेटच्या मापाचा टायरही अडीअडचणीला चालून जातो. हे ज्ञान कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळत नाही. ते त्या दुकानदाराच्या डोक्यात आहे, आणि त्याच्या मुलाने दुकान विकायचं ठरवलं की जाईल. कुणीतरी ते बसून लिहून घ्यायला हवं. पुढच्या शॉकअपच्या नळ्या, स्विंगआर्म, प्लास्टिक हे मात्र फक्त इम्पल्सचंच. मोडीत निघालेली इम्पल्स दिसली तर एवढं तरी काढून ठेवा.

आता नवी अडचण पेट्रोलची. २०२५पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून जातं. इम्पल्सची ब्राझीलमधली बहीण, ब्रॉस मिक्स, २००९पासून उसाच्या अल्कोहोलवरही चालते. पण तिला त्यासाठी फ्युएल इंजेक्शन आणि वेगळ्या मालाची रबरं दिली होती. आपल्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला ती नाहीत. तेव्हा पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या घाला. मिश्रण पातळ होतं, म्हणून नीडल एक खाच वर घ्या आणि प्लगचा रंग बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

ऑक्टोबर २०११नंतर नोंदलेल्या पहिल्या इम्पल्स २०२६च्या अखेरीपासून पंधरा वर्षांच्या होत आहेत. त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. तिथे चेसिस नंबर वाचता यायला हवा, म्हणून गंज आधीच अलगद घासून त्यावर पातळ ग्रीस लावून ठेवा. आणि कॅरिझ्माचं इंजिन बसवताना काढलेलं मूळ इंजिन भंगारात घालू नका. आरसीवर नंबर त्याचाच आहे. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून, प्लग लावून, कापडात गुंडाळून ते कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून किकने दोन फेरे फिरवत जा.